तारा न चढवलेली गिटार आणि माझी बाकीची मिळकत

माझा श्वास चालू असताना माझ्या कारखान्यात टेप लावून मापं घेऊन गेला तो परका कुणी नव्हे, माझा सख्खा थोरला भाऊ. शुक्रवारी, भरदुपारी. मी टेबलापाशी सरस गरम करत उभी, आणि हा माझ्या पाठीमागून दारापासून भिंतीपर्यंत पट्टी ओढतोय. मी म्हटलं, दादा, हे काय चाललंय? तर वर न बघता म्हणतो, "अगं, नुसतं माप घेतोय. माप घेतल्याने काय होतं?" माप घेतल्याने काय होतं ते आमच्या घराइतकं जगात कुणालाच ठाऊक नसेल, आणि दादाला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण गुरुवारी माझी छाती उघडणार म्हटल्यावर ह्याला सुटलेली घाई दिसलीच. मोटारसायकलींच्या सुट्या भागांचं गोदाम करायचा त्याचा विचार जुना आहे.

सबब मी, खाली सही करणारी, वय पन्नाशी उलटलेलं, धंदा गिटारी करणे व कोणतंही तारेचं वाद्य दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. वकिलाने छापील मसुदा दिला होता. त्याची पहिलीच ओळ, "मी पूर्ण शुद्धीत, हुशारीत व मन ठिकाणावर असताना". शुद्धीत आहे. हुशारीचं म्हणाल तर शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षराला कुणी हसू नये. आणि मन घाबरलेलं आहे. वकील म्हणाला, बाई, घाबरलेलं लिहू नका, उद्या कुणी हरकत घेईल. घ्यावी. घाबरलेलं मन ठिकाणावर नसतं असं कुणी सांगितलं? माझं तर इतकं ठिकाणावर आहे की तिथून हलायला तयार नाही. मला कुणी जबरदस्ती केलेली नाही, कुणी फूस लावलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि वेळ आली नसती तर आताही केलं नसतं.

कलम पहिले, जागा. रस्त्याकडची खालची खोली म्हणजे कारखाना, आणि तिच्यावरच्या दोन खोल्या, जिना धरून, बाबांनी हयातीतच माझ्या नावावर केल्या. दादाला तेव्हाच कोपऱ्यावरचं दुकान आणि राहतं घर दिलं. म्हणून "मला काय मिळालं" हे वाक्य त्याने यापुढे तोंडातून काढू नये. माझ्या पश्चात या जागेचा उपभोग माझ्या यजमानांनी हयातभर घ्यावा, व त्यांच्यानंतर ती माझ्या धाकट्या बहिणीला जावी. यजमान बस चालवतात, कमी बोलतात, आणि कुणी काही मागितलं की "घ्या की" म्हणतात. संसाराला असा माणूस चांगला, पण मृत्युपत्रात त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून अट घालते की कारखाना दादाला भाड्याने देऊ नये, पोटभाड्याने देऊ नये, आणि "चार दिवस नुसतं सामान टाकतो" म्हणाला तरी देऊ नये. दादाचं सामान आत येतं, बाहेर जात नाही.

कलम दुसरे, पैसे. जे काही बँकेत आहे ते यजमानांचं. आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर दादा बाकीचा कागद वाचणारच नाही, आणि मी हा त्याने सगळा वाचावा म्हणून लिहिते आहे.

कलम तिसरे, हत्यारे व लाकूड. पटाश्या, करवती, कानशी, शिकंजे, सरसाचं पितळी भांडं, सगळं आहे तसं भिंतीवर राहावं. यजमानांनी महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवावा. त्यांना रंधा कुठल्या बाजूने धरतात तेही कळत नाही, म्हणूनच त्यांच्या हातात ती सुखरूप राहतील. माळ्यावरच्या शिसमच्या फळ्या विकू नयेत. त्या बाबांच्या वेळेपासून सुकत पडल्या आहेत आणि आता कुठे बऱ्या झाल्या आहेत. बाबांचा मोठा रंधा मात्र दादाला देते. दादा पंधराव्या वर्षी हा रंधा टाकून पळाला आणि दुकानदार झाला. त्याने त्या रंध्याने एक फळी, एकच, हातभर लांबीची, साफ करून द्यावी, मग रंधा त्याचा. फळी मी काढून ठेवली आहे. गाठीची आहे.

आता थोडं माझ्या छातीबद्दल, कारण पुढचं कलम त्यावाचून समजायचं नाही.

माझ्या काळजाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टरबाई वयाने लहान आहेत, पण समजावून सांगतात. त्यांनी कागदावर चित्र काढलं. छातीचं हाड मधोमध चिरतात, दोन्ही बाजू फाकवून ठेवतात, आत नवी झडप बसवतात, मग हाड जुळवून तारेने बांधतात. मी विचारलं, कसली तार? त्या म्हणाल्या, स्टीलची. मी विचारलं, किती जाडीची? त्या हसल्या, पण उठून गेल्या आणि तुकडा आणून दाखवला. मी तो बोटांवर वाकवून पाहिला. तार चांगली आहे. तारेबद्दल माझी तक्रार नाही.

मग मी खरं विचारायचं ते विचारलं. "डॉक्टर, उघडलेलं परत तसंच बसतं का?"

त्या म्हणाल्या, "तसंच नाही बसत. पण चालतं."

मी तो तारेचा तुकडा त्यांच्या टेबलावर परत ठेवला. कारण हेच उत्तर, याच शब्दांत, मी गिऱ्हाइकांना देते. माणूस फुटकी गिटार घेऊन येतो, मी सांगते पाठ उघडावी लागेल, तो विचारतो परत पहिल्यासारखी होईल ना, आणि मी म्हणते, तशीच नाही होत, पण चालते. मी हे म्हणते तेव्हा माझ्या मनात काय असतं ते मला माहीत आहे. सुरी गरम करून जोडात सारताना कुठे लाकूड सोबत निघून येईल ते आधी सांगता येत नाही, हे मनात असतं. मागच्या कारागिराने आत काय करून ठेवलंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही, हे असतं. आणि ज्या चांगल्या निघतात त्या का निघतात तेही मला नीट सांगता येत नाही, हेही असतं.

भूल देतात तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मी नसताना माझ्या अंगाशी कुणीतरी काम करणार. आणि जागी झाल्यावर घशात नळी असेल, काही वेळ बोलता येणार नाही, घाबरू नका, असं नर्सने सांगून ठेवलंय. माझ्यासारख्या बाईला बोलता येणार नाही, आणि वर घाबरू नका. यजमान म्हणाले, तेवढीच डॉक्टरांना शांतता. आम्ही दोघं हसलो, आणि मग ते मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

कलम चौथे, गिटार. हा कागद तिच्यासाठीच आहे.

वर्णन, म्हणजे कुणी दुसरीच पुढे करून फसवू नये. जुन्या स्पॅनिश घडणीची. अंगाने लहान, कमरेला बारीक, वजनाला इतकी हलकी की उचलणाऱ्याचा हात आपोआप वर जातो. पाठ आणि कडा शिसमच्या. पुढची पातळ फळी, जिला आम्ही तबली म्हणतो, ती थंड मुलखातल्या पांढऱ्या लाकडाची, तिला आतून पंख्यासारख्या पट्ट्या. दांडी वेगळी करून मागाहून जोडलेली नाही. ते जुने लोक करायचे तसं दांडीच्या बुंध्यात खाचा पाडून कडा त्यातच बसवल्या आहेत, म्हणजे आधी दांडी आणि मग तिच्याभोवती उरलेली गिटार. सगळे जोड सरसाचे. लाखेचं पॉलिश, हाताने, फडक्याने. सध्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीवर सुती पिशवीत टांगलेली. तिला तारा नाहीत.

का नाहीत ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

बाबा मुळात सुतार. मी फ्रॉकात होते तेव्हा एक वादक त्यांच्याकडे एक जुनी गिटार घेऊन आला. स्पेनची, शंभर वर्षांच्या पलीकडची. तारा जिथे बांधतात ती पट्टी, घोडी म्हणतात तिला, ती निसटून हातात आली होती. बाबांनी सरस लावून दिला असता तर काम तासाभराचं होतं. पण बाबा त्या गिटारीच्या प्रेमात पडले. लाकूड सुकायला वेळ लागेल अशी थाप मारून त्यांनी ती ठेवून घेतली आणि तिचं अंगन्‌अंग मोजलं. मी दिवा धरून उभी असायची. तबली दोन मिलिमीटरसुद्धा नव्हती. बाबा बोटाने टिचकी मारत, कान लावत आणि म्हणत, "एवढी पातळ. ऐक. एवढी पातळ केलीय म्हणून बोलतेय." आणि जिथून घोडी निसटली होती तिथे मात्र फळी जाड होती, पायरीसारखी. बाबा म्हणाले, "बघ, जिथे ताण येतो तिथे तेवढं लाकूड राखलंय. शहाणी माणसं."

सगळी मापं त्यांनी प्लायवूडच्या साच्यावर कोरून ठेवली. पुढे त्याच साच्यावर त्यांनी एक गिटार केली, ती माझ्या धाकट्या बहिणीसाठी. तिला घरात चिमी म्हणतात. आमच्यात हात तिचा. मी लाकडाला आवाज आणू शकते, पण बोटं तिची. तिचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला होता, मोठ्या सभागृहात, तिकीट लावून.

बाबा पहिल्या रांगेत नव्या सदऱ्यात बसले होते. पहिली चीज झाली. असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, आणि हे बहीण म्हणून लिहीत नाही, कारागीर म्हणून लिहिते. दुसऱ्या चिजेच्या मध्यावर कड् असा एकच आवाज झाला. घोडीपुढची तबली आत बसली. तारा लोंबल्या. चिमी ती मांडीवर तशीच धरून बसली, जसं कुणी झोपलंय आणि उठवायचं नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली. चीज संपली असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

पडद्यामागे बाबा तिच्याकडे न बघता गिटारीकडे बघत होते. म्हणाले, "मी मापात केसभर चुकलेलो नाही."

चिमी म्हणाली, "मग मापच चुकलं होतं, बाबा."

आणि मग ती आणखी एक वाक्य बोलली, की या घरात केलेल्या कशालाही मी पुन्हा हात लावणार नाही. ते तिने पाळलं. दुसऱ्या शहरात गेली, कंपनीची गिटार घेतली, नाव केलं. बाबांनी त्या दिवसानंतर वाद्य केलं नाही. स्टुलं केली. इतकी स्टुलं केली की गल्लीत प्रत्येक दुकानदार बाबांच्या स्टुलावर बसतो. ते गेले तेव्हा चिमी आली होती, पण कारखान्याच्या दारातून आत आली नाही. रस्त्यावर उभी राहिली आणि निघून गेली. याला तेरा वर्षं होऊन गेली. आम्ही बोलतो, नाही असं नाही. तब्येत, पाऊसपाणी, दादाचा स्वभाव. गिटार हा शब्द निघाला की दोघींपैकी एकीला फोन ठेवायचं काम निघतं.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेतली जुनी गिटार माझ्याकडे दुरुस्तीला आली. साधी, ओबडधोबड, मुलांनी चाळीस वर्षं बडवलेली. तिची घोडी मी उचलली आणि खाली पायरी. आता ही गिटार कुणा शहाण्याने केलेली नव्हती, कंपनीत ठोकलेली होती. तिथे कोण कशाला घोडीखाली लाकूड राखेल? मी बोट फिरवत बसले आणि मग जमिनीवरच बसले. कुणी राखलं नव्हतं. चाळीस वर्षांत ज्याने ज्याने ती पॉलिश केली, त्याने आधी जुनं पॉलिश खरवडलं, आणि पॉलिशसोबत थोडं लाकूड गेलं. दर वेळी थोडं. घोडीखाली खरवडायचा पत्रा पोचत नाही, म्हणून तेवढ्याच जागी मूळची जाडी उरली.

त्या स्पेनच्या गिटारीचंही हेच. शंभर वर्षांत किती जणांनी तिला खरवडलं असेल. पायरीवरची जाडी हीच तिची खरी जाडी होती. बाकीची फळी झिजलेली होती, आणि झिजताना हळूहळू सोसायला शिकलेली होती. बाबांनी केसभर चूक केली नाही. त्यांनी तिचं म्हातारपण बिनचूक मोजलं आणि कोऱ्या लाकडात उतरवलं.

मी हे शेजारच्या शिंपीकाकांना जाऊन सांगितलं, कारण दुसरं कुणाला सांगणार. त्यांनी सुई दातात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आजीच्या मापाने नातीचा झगा शिवला."

मग मी ही गिटार केली. साचा तोच, बाबांचा. जाडी फक्त पायरीची. वर्षभर, दुकान उघडायच्या आधी, सकाळच्या उजेडात. कुणाला सांगितलं नाही. यजमानांना वास यायचा सरसाचा, ते काही विचारत नाहीत. पूर्ण झाली, पॉलिश झालं, खुंट्या बसल्या. आता तारा लावायच्या, बस्स. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गिटारींना तारा लावत आले, बोलता बोलता लावते, आणि हिच्या बाबतीत मला धीर होईना. कारण माझं म्हणणं बरोबर असेल तर ती बोलेल. आणि चुकीचं असेल तर ती बसेल, आणि बाबा दुसऱ्यांदा बसतील, आणि या वेळी त्यांना उठवायला माझ्याकडे काहीच उरणार नाही. पायरीची गोष्ट मग एका वेड्या बाईने बापाला वाचवायला रचलेली गोष्ट ठरेल. तारा नाहीत तोवर दोन्ही खरं आहे. म्हणून ती टांगलेली राहिली. कुणी विचारलं तर सांगायची, पॉलिश वाळतंय. इतकं वाळलेलं पॉलिश या गल्लीत दुसरीकडे नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी ठरवलं, आज लावायच्याच. सहाही तारा घोडीला बांधल्या. पहिली खुंटीवर घेतली आणि पिळायला लागले. तार ताठ झाली, टुण् बोलली, अजून पिळली, आणि एकदम आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, गेली. बसली. मी खुंटी सोडली, आणि पुढचं आठवत नाही. समोरची चावीवाली धावत आली तेव्हा मी टेबलाखाली होते आणि गिटार टेबलावर, जशीच्या तशी. दवाखान्यात सांगितलं, झडप.

परत आल्यावर मी आरसा आणि बॅटरी घेऊन तिच्या पोटात सगळीकडे बघितलं. एक पट्टी सुटलेली नाही. एक चीर नाही. मग तो आवाज कुणाचा होता? डॉक्टरबाई म्हणतात तुमचा असणार. असेलही. पण मी तारा काढून ठेवल्या आणि पुन्हा लावलेल्या नाहीत. कारण तो तिचाही असू शकतो, आणि आरशाला सगळं दिसत नाही.

तरी या कलमाने मी सदर गिटार माझी धाकटी बहीण चिमी हिला देते. अटी अशा. तारा तिने स्वतः चढवाव्यात. बाबांच्या टेबलावर चढवाव्यात, म्हणजे तिला त्या दारातून आत यावं लागेल. पूर्ण सुरात लावून किमान एक अख्खी चीज वाजवावी, दुसरी, जी त्या दिवशी अर्धी राहिली ती. त्यानंतर गिटार उभी राहिली तर तिची. बसली तर तुकडे गोळा करून साच्यासकट माळ्यावर ठेवावेत आणि कुणी काही बोलू नये. चिमी आली नाही तर गिटार कुणाही परक्याला देऊ नये, शोभेला भिंतीवर लावू नये, आणि यजमानांनी "घ्या की" म्हणू नये.

कलम पाचवे, माझे राग. लाकडाच्या वखारवाल्याने मला ओलं शिसम सुकलेलं म्हणून विकलं, ते मी माफ केलेलं नाही. तसं त्याला कळवावं. गायनवादन विद्यालयातल्या ज्या सरांनी "बाईच्या हातची गिटार नाजूक वाजते" असं बोलून माझी गिटार न वाजवताच परत केली, त्यांच्याविषयी मला आता काही वाटत नाही, हेही कळवावं. त्यांना ते जास्त लागेल. बाकीचे राग किरकोळ आहेत, ते माझ्यासोबत येतील.

कलम सहावे, मी गेल्यावर. उशीर करू नये. दादाने भाषण करू नये. रडायचं असेल त्याने रस्त्यावर रडावं, कारखान्यात नको, ओल धरते, लाकूड फुगतं. सरस उरला असेल तर फेकावा. पुन्हा गरम केलेला सरस धरत नाही.

साक्षीदार दोन. एक, शेजारचे शिंपीकाका. दोन, समोरची चावीवाली. वकील म्हणतो साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. शिंपीकाकांना माझी मोठी कात्री द्यायची होती, ते राहिलं. चावीवालीला काय द्यायचं होतं ते सांगत नाही, म्हणजे तिला हळहळ वाटणार नाही.

दोघांनी कागद सही करायच्या आधी वाचला. वाचून शिंपीकाकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "टेप माझी होती. दादा माझ्याकडून घेऊन गेला."

मी म्हटलं, मग? तुम्हीही गोदामात भागीदार का?

ते म्हणाले, "त्याने विचारलं, खाट मावेल का कारखान्यात. ऑपरेशननंतर तू जिना चढणार नाहीस म्हणे."

चावीवाली म्हणाली, खाटेचं माप आणि गोदामाचं माप, टेप एकच. तेही खरं. दादा एका खेपेत दोन कामं उरकणारा माणूस आहे. वरचं काही खोडत नाही, कारण खाडाखोड केलेला दस्त चालत नाही. पण गाठीची फळी बदलून साधी ठेवली आहे, याची नोंद घ्यावी.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, माझ्या राजीखुषीने केले. खुषी नाही, राजी आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: शिंपीकाका (सही). ती सही करताना आम्ही दोघे हजर होतो, अक्षर तिचंच आहे.
साक्षीदार: चावीवाली (सही)

ठिकाण: कारखाना, बाबांचं टेबल
वार: रविवार, सकाळ

*

सह्यांच्या खाली लिहिलेलं धरत नाहीत, असं शिंपीकाका म्हणताहेत. नका धरू. हे वकिलासाठी नाही.

चिमे, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मला तेवढा दम नाही, म्हणून याची एक प्रत आजच यजमानांच्या बसने तुझ्याकडे पाठवते आहे. ते पाकीट देतील आणि काही बोलणार नाहीत, तू पाणी दे त्यांना.

वर मी तुला गिटार मेल्यावर दिली आहे. लिहून झाल्यावर कळलं की मला ते नको आहे. मी गेल्यावर ती बोलली काय आणि बसली काय, मला कोण सांगायला येणार? बुधवारी दुपारी मला दाखल व्हायचंय. बुधवारी सकाळी मी दुकान उघडणार नाही. टेबल पुसून ठेवीन, तारांचा नवा संच ठेवीन, तू वापरतेस त्याच जातीचा, मी विचारून घेतलंय.

तू त्या दिवशी बाबांना म्हणालीस की मापच चुकलं होतं. तू बरोबर होतीस. का बरोबर होतीस ते तुला ठाऊक नव्हतं, आणि मला कळायला इतकी वर्षं लागली. बाबांना कळलंच नाही. आपण तिघांत ते कळलेली मी एकटी आहे, आणि मला गुरुवारी भूल देणार आहेत.

तू नाही आलीस तर बुधवारी मी एकटीच तारा लावीन. ते मला करायचं नाही. मागच्या वेळी मी एकटी होते. मला भीती वाटते, चिमे. दादाला सांगितलेलं नाही, यजमानांना सांगितलं की ते मोरीत जातात. तुला सांगते आहे.

तब्येत, पाऊसपाणी नको. मंगळवारी मी शटर ओढायच्या आत मला कळव. येतेस की नाही, एवढंच.